खोक्यावरचे कोलॅजेन, बाटलीतले रेटिनॉल

सुरकुत्या कमी करण्याचा दावा करणारे एक रात्रीचे सीरम मी गेले चोवीस आठवडे वापरत आहे आणि त्याविषयी बरे-वाईट दोन्ही लिहिण्याजोगे साठले आहे. उत्पादनाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण माझी जी मुख्य तक्रार आहे ती या एकट्या कंपनीपुरती नाही. घटकांची यादी वाचण्याची सवय असलेल्यांना अशी एखादी बाटली स्वतःच्या कपाटातही सापडेल.

खोक्याच्या दर्शनी बाजूवर तीन ओळी आहेत. सर्वांत वर सोनेरी, उठावदार अक्षरांत ‘कोलॅजेन’, त्याखाली जरा लहान अक्षरांत ‘पेप्टाइड’ (म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे), आणि तळाशी, चष्मा लावल्यावाचून वाचता येऊ नये इतक्या बारीक टायपात, ‘३ टक्के रेटिनॉल कॉम्प्लेक्स’. चोवीस आठवड्यांनंतर माझे मत असे झाले आहे की हा क्रम नेमका उलटा हवा होता. जे काम करते ते तळाशी आहे, आणि तेही पुरते सांगितलेले नाही.

कोलॅजेन या त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे महत्त्व कुणी नाकारणार नाही. अंतस्त्वचेच्या कोरड्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग कोलॅजेनचाच असतो, प्रौढ वयात तो दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटत जातो आणि रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर सुमारे ३० टक्के घट झाल्याचे आढळले आहे. मात्र जे आतून कमी होते ते वरून चोपडून भरून काढता येत नाही. बॉस आणि मायनार्डी या दोन डच संशोधकांनी २००० साली मांडलेला एक ढोबळ नियम त्वचाविज्ञानात अजूनही वापरात आहे: सुमारे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) जड रेणू धडधाकट त्वचेच्या वरच्या थरातून सहसा आत शिरत नाही. कोलॅजेनचा अखंड रेणू तीन लाख डाल्टनच्या आसपास असतो आणि प्रसाधनांत घालतात ते त्याचे तुकडेही बहुधा काही हजार डाल्टनचे असतात. ते त्वचेवर बसून पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सकाळी चेहरा मऊ लागतो, आणि तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग खरा आहे. परंतु हे काम साधे ग्लिसरीनही चोख करते आणि त्याचे नाव कुणी सोन्यात छापत नाही.

आता खोके उलटे करून पाहावे. पहिल्या काही जागा पाणी, ग्लिसरीन आणि तेलांच्या आहेत. मग फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठी घातलेले रसायन येते, आणि कोलॅजेन व पेप्टाइड ही दोन्ही त्यानंतर. फिनॉक्सीइथेनॉल साधारणपणे १ टक्क्यापेक्षा जास्त वापरत नाहीत, आणि १ टक्क्यापर्यंतचे घटक यादीत कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असली तरी त्याहून जास्त असलेल्यांना उतरत्या क्रमानेच लिहावे लागते. त्यामुळे फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे उभा असलेला प्रत्येक घटक १ टक्क्याच्या आतबाहेर नव्हे, आतच आहे असे समजायला हरकत नसते. पेप्टाइडांच्या बाबतीत एवढे मात्र मान्य केले पाहिजे की त्यांतली काही अत्यल्प प्रमाणातही परिणाम करतात असे छोट्या चाचण्यांत दिसले आहे. कोलॅजेनला ही सवलत देता येत नाही.

‘३ टक्के रेटिनॉल कॉम्प्लेक्स’ या शब्दांचा अर्थ काय, हे विचारण्यासाठी मी कंपनीला लिहिले. पहिले उत्तर ‘आमचे सूत्र गोपनीय आहे’ असे ठरीव साच्याचे आले. दुसऱ्या पत्राला मात्र कुणीतरी जाणत्या माणसाने उत्तर दिले असावे: तेलात विरघळवलेले रेटिनॉल हा त्यांचा कच्चा माल, त्यात रेटिनॉल १० टक्के, आणि हा कच्चा माल सीरममध्ये ३ टक्के. म्हणजे प्रत्यक्ष रेटिनॉल ०.३ टक्के. गंमत अशी की ०.३ टक्के हा आकडा लपवण्यासारखा मुळीच नाही. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नियमानुसार चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची कमाल मर्यादा तेवढीच आहे. एक चांगला आणि खरा आकडा झाकून त्याच्या जागी एक मोठा आणि दिशाभूल करणारा आकडा छापण्याची गरज कुणाला का वाटली असेल, हे मला अजून उलगडलेले नाही.

रेटिनॉलवर इतका भर का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. हे ‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप आहे. त्वचेतील विकर (एन्झाइम) त्याचे आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनोइक आम्ल असे दोन टप्प्यांत रूपांतर करतात, आणि पेशीच्या केंद्रकातील ग्राहींना हे शेवटचे आम्लच ओळखता येते. ट्रेटिनॉइन म्हणून डॉक्टर लिहून देतात ते औषध म्हणजे थेट हे आम्लच. म्हणून ते प्रखर असते आणि रेटिनॉल त्यामानाने सौम्य आणि संथ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन यांनी ट्रेटिनॉइन आधी मुरुमांसाठी वापरले आणि उन्हाने जून झालेल्या त्वचेवर ते काय करते याविषयीचा त्यांचा गाजलेला लेख १९८६ साली आला. (होम्सबर्गच्या तुरुंगातील कैद्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करणारे क्लिगमन ते हेच, त्यामुळे हे नाव आदराने घेताना जीभ अडखळते.) खुद्द रेटिनॉलचा पुरावा २००७ सालच्या, मिशिगन विद्यापीठातल्या एका चाचणीत मिळतो. सरासरी ८७ वर्षे वयाच्या ३६ जणांच्या एका दंडावर ०.४ टक्के रेटिनॉलचे लोशन आणि दुसऱ्यावर रेटिनॉलविना तेच लोशन, आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा, असे २४ आठवडे लावले गेले. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या. सत्याऐंशीव्या वर्षीही त्वचा प्रतिसाद देते, हा या चाचणीतला मला सर्वांत दिलासा देणारा भाग वाटतो.

याच धर्तीवर मी घरगुती प्रयोग केला. सीरम चेहऱ्यावर लावून झाल्यावर बोटांना राहिलेले केवळ डाव्या पंजाच्या वरच्या बाजूला चोळायचे आणि उजव्याला फक्त मॉइश्चरायझर. सकाळी दोन्ही हातांना सारखेच सनस्क्रीन. बाराव्या आठवड्यापर्यंत मला काहीही फरक दिसला नाही आणि मी कंटाळले होते. विसाव्या आठवड्यात अंगठ्याच्या बुडाशी असलेली, चुरगळलेल्या टिश्यूपेपरसारखी बारीक जाळी डावीकडे विरळ झाल्याचे तिरप्या उजेडात जाणवले. धाकट्या बहिणीला काही न सांगता दोन्ही हात पुढे केले, तर तिने आधी उजव्यावर बोट ठेवले, मग खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिले आणि डावा निवडला. फरक आहे तो एवढाच. तपकिरी डाग दोन्हीकडे जसेच्या तसे आहेत, आणि कपाळावरची भुवया उंचावण्याची आडवी खोल घडी तर चेहऱ्याच्या एकाही छायाचित्रात जराही हललेली दिसत नाही. ती स्नायूंच्या हालचालीने पडलेली असल्याने सीरमकडून तशी अपेक्षाही धरायला नको होती; खोक्यावर मात्र ‘खोल रेषांवरही प्रभावी’ असे छापलेले आहे.

त्रासाची बाजू पहिल्या पंधरा दिवसांतच समोर आली, आणि तिचा दोष मी सोबतच्या पत्रकाला देते. पत्रकात पहिल्या दिवसापासून रोज रात्री लावा असे लिहिले आहे. मी दहा रात्री लावले. अकराव्या सकाळी नाकपुड्यांच्या कडांना कोंड्यासारखी साल सुटलेली, ओठांचे कोपरे चिरलेले आणि साध्या पाण्यानेही गालांची आग होत होती. दोन आठवडे थांबून, मग आठवड्यातून दोन आणि पुढे तीन रात्री, तेही आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर सीरम अशा क्रमाने लावल्यावर पुन्हा तो त्रास झाला नाही. त्वचेला सवय व्हायला वेळ लागतो ही गोष्ट हे घटक हाताळणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. गरोदरपणात रेटिनॉल टाळावे ही सूचना पत्रकात आहे, पण ती शेवटच्या घडीच्या आत. ती खोक्यावर यायला हवी होती. ज्यांची त्वचा हे मुळीच सोसत नाही त्यांच्यासाठी बावचीपासून काढलेले बाकुचिओल आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ४४ जणांच्या आणि १२ आठवड्यांच्या चाचणीत ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा लावल्यावर दोहोंच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि साल निघणे व चुरचुरणे रेटिनॉलच्या गटात अधिक होते. चाचणी लहान होती, हे ध्यानात ठेवूनच तिच्याकडे पाहावे.

पत्रकातली सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे: त्यात सनस्क्रीनचा शब्दही नाही. मिशिगनच्याच गॅरी फिशर, जॉन वूरहीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की अतिनील किरणांच्या माफक माऱ्यानेही काही तासांत त्वचेत कोलॅजेन कातरणारे विकर वाढतात. रात्री जे घडवायचे ते दिवसा कापले जात असेल तर सीरम लावण्यात काय हशील? खिडकीची काच अतिनील ‘ब’ किरण बऱ्याच अंशी अडवते, परंतु ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या ‘अ’ किरणांपैकी पुष्कळसे तिच्यातून आरपार येतात. अठ्ठावीस वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या गृहस्थाचे २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले छायाचित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना खिडकीकडचा डावा गाल आणि उजवा गाल एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास ठेवणे जड गेले असेल. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे ९०३ जणांवर साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात त्वचा जून होण्याचे प्रमाण २४ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणूनच माझ्या चेहऱ्यावर जी थोडी सुधारणा दिसते तिचे सगळे श्रेय मी सीरमला देऊ शकत नाही, कारण याच चोवीस आठवड्यांत मी सनस्क्रीन पहिल्यांदाच एकही दिवस न चुकवता लावले. हाताच्या प्रयोगाला मी जास्त महत्त्व देते ते यामुळेच.

बाटलीविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. हवा आणि प्रकाश यांनी रेटिनॉल लवकर बिघडते. ही बाटली अपारदर्शक आहे, तिचा पंप हवा आत घेत नाही, आणि सीरमचा फिकट पिवळा रंग आजही पहिल्या दिवसासारखाच आहे. याच कंपनीचे ‘क’ जीवनसत्त्वाचे सकाळचे सीरम स्वच्छ काचेच्या, ड्रॉपरच्या बाटलीत येते, आणि ते दोन महिन्यांत चहाच्या रंगाचे होऊन टाकून द्यावे लागले. एस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू (पीएच) ३.५ च्या खाली लागतो आणि ते हवेला रेटिनॉलइतकेच हळवे असते. एकाच कारखान्यात एका बाटलीसाठी असलेली अक्कल शेजारच्या बाटलीपर्यंत पोहोचू नये याचे नवल वाटते.

राहिला प्रश्न आकारमानाचा. बाटली ३० मिलिलिटरची आहे, पंपाच्या एका दाबाला साधारण पाव मिलिलिटर येते आणि चेहऱ्याला तेवढे पुरते. आठवड्यातून तीन रात्रींच्या हिशेबाने सहा महिन्यांत जेमतेम दोन-तृतीयांश संपते, आणि खोक्यावरच्या उघड्या डबीच्या चिन्हात झाकण काढल्यापासूनची मुदत सहाच महिने लिहिलेली आहे. १५ मिलिलिटरची बाटली निघाली तर मी पुन्हा घेईन. तोवर या बाटलीच्या मुदतीतले दोन आठवडे उरले आहेत, आणि काल रात्रीपासून उजव्या पंजालाही त्यातला वाटा मिळू लागला आहे.