जांभळी नाक्याजवळचं कल्हईचं दुकान: काय द्यावं, काय देऊ नये

जुनी तांब्यापितळेची भांडी विकत घ्यायला ठाण्यात जागा सापडतात, पण ती नीट करून देणारा हात सापडणं कठीण झालंय. जांभळी नाक्याजवळच्या एका बोळात बिनपाटीचं एक छोटं दुकान आहे. कल्हई (भांड्याला आतून कथलाचा, म्हणजे टिनचा, पातळ थर), पोचे काढणं, डाख (वितळलेल्या धातूने जोड देणं) आणि पॉलिश अशी चारही कामं तिथे होतात. कल्हई आणि पोच्यांसाठी डोळे झाकून द्या. डाखासाठी विचार करून द्या. पॉलिशसाठी मात्र जुनं भांडं तिथेच काय, कुठेच देऊ नका.

आधी कल्हईबद्दल, कारण या दुकानाचं खरं कसब तिथेच आहे. भट्टी कोळशाची आहे, भात्याच्या जागी विजेचा पंखा आलाय एवढंच. जुनी कल्हई, काळपट थर, तेलाचा चिकटा पूर्ण निघाल्याशिवाय भांडं भट्टीवर चढत नाही. बहुतेक ठिकाणी घाई होते ती इथेच. तेलकट जागेवर कथील धरत नाही आणि थोड्याच वापरात तिथे पितळ उघडं पडतं. भांडं घासून झालं की सांडशीत धरून गोल फिरवत तापवतात, नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) पूड भुरभुरतात, पांढरा झणझणीत धूर उठतो आणि कथलाची कांडी आतून टेकवली जाते. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. नवसागर तापल्यावर त्यातून सुटणारं आम्ल पितळेवरचा काट खाऊन टाकतं, म्हणून कथील धातूला घट्ट धरतं. मग कापसाच्या बोळ्याने तळापासून काठापर्यंत एका दमात पुसत न्यायचं. ताप कमी पडला तर गुठळ्या आणि रेघोट्या राहतात, जास्त झाला तर कथलावर पिवळसर झाक येते. भांडं परत घेताना काठाच्या आतल्या वळणावरून बोट फिरवा, कामचुकारपणा तिथे कळतो. या दुकानाची कल्हई त्या वळणापर्यंत एकसारखी पोचलेली असते.

दुसरी मोठी भानगड भेसळीची. कथील तांब्याहूनही बरंच महाग, आणि शिसं त्यामानाने मातीमोल. त्यामुळे कांडीत शिसं मिसळण्याचा मोह होतोच. कल्हई लावण्याआधी कांडी हातात मागा. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर असा आवाज येतो, शिसं बरंच असेल तर ती मुकाट वाकते. पांढऱ्या कागदावर घासून पाहिली तर शिशाची ठळक राखाडी रेघ उठते. भरघोस भेसळ या दोन खुणांनी पकडता येते, थोडी असेल तर ती प्रयोगशाळेतच कळते. इथे कांडी मागितली तर कां-कू न करता देतात, आणि माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

कास्याची ताटं-वाट्या कल्हईला देऊ नका. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचाच मिश्रधातू, त्याला कल्हईची गरज नाही, आणि ठिसूळ असल्यामुळे भट्टीवर तडकायची भीती. पितळ की कासं असा घोळ असेल तर वाटी तळहातावर ठेवून टिचकी मारा. कास्याचा नाद लांबवर रेंगाळतो, पितळेचा लगेच विझतो.

पोच्यांचं काम उत्तम. जुनं पितळ ठोकून ठोकून कडक झालेलं असतं, ते तसंच सरळ करायला गेलं की कळशीच्या गळ्याशी चीर पडते. इथे आधी तापवून मऊ करतात, मग ऐरणीवर लाकडी मोगरीने हळूहळू उचलतात.

डाखाच्या बाबतीत सावध राहा. हे लोक मऊ डाख लावतात, त्यात शिसं असतं. शोभेच्या घंगाळाला किंवा बंबाला तो चालेल, पिण्याच्या पाण्याच्या कळशीला नको. तिला टाकणखार (बोरॅक्स) लावून केलेली पितळी झाळच, म्हणजे पितळ वितळवून दिलेला पक्का जोडच हवा, आणि ते काम इथे होत नाही. शिवाय क्रम महत्त्वाचा आहे. हा डाख कथलाच्याही आधी पातळ होतो, त्यामुळे भांड्याला जुना डाखाचा जोड असेल तर तो भट्टीवर सुटतो. जोड कुठे आहे ते देतानाच बोटाने दाखवा.

आता पॉलिश. आपल्याकडच्या जुन्या भांड्यांवर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव असतं, कधी गाव, कधी साल. अंगावर तांबटाच्या हातोडीचे मठाराचे ठसे असतात. भांड्याचा सगळा पुरावा तोच, आणि मशीनचं चाक तो पुसून टाकतं. चाकाआधी तेजाबात बुडवलं तर आणखी वाईट: पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांब्याचे गुलाबी डाग राहतात. भांडं चकचकीत होतं, पण संग्रहाच्या दृष्टीने त्याची किंमत गेली. बाहेरून चिंच-मीठ पुरेसं आहे. आपल्या ठाण्याचीच पितांबरीही चालेल, पण तीही बाहेरूनच. कल्हईला दोन्ही लावू नका. भांडं देताना "पॉलिश नको, फक्त आतून कल्हई" असं दोनदा बजावा, नाहीतर सवयीने तेही करून ठेवतात. या दुकानाबद्दल माझी खरी तक्रार हीच.

घरी आणल्यावर भांडं आतून-बाहेरून भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करा. नवसागराचा अंश राहिला आणि त्याला पावसाळी ओल मिळाली, तर त्यातल्या अमोनियाने ठोकीव पितळेला केसासारख्या चिरा पडू शकतात. रिकामं पातेलं गॅसवर ठेवू नका आणि त्यात कडकडीत फोडणी किंवा तळण करू नका, कथील वितळून थेंब जमतील. आमटी लाकडी डावाने ढवळा. तारेची घासणी बंद, नारळाची शेंडी पुरे. आतून पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई. आमटी किंवा ताक कळकेपर्यंत थांबायचं नाही.

दर भांड्याच्या आकारावर ठरतो, आधी विचारून घ्या. गणपती आणि दिवाळीच्या आधी काम हमखास रखडतं. पावती मिळत नाही, म्हणून भांड्याचं वजन लिहून घ्या आणि काठाखालच्या नावाचा फोटो काढून ठेवा, तिथे एकसारखी दिसणारी पातेली ढिगाने पडलेली असतात.