नागपूरचा हिवाळा आणि आंघोळीचे पाणी: लाकडाचा बंब की सौर बंब?

रिंग रोडच्या बाहेर नव्या लेआउटमध्ये घर बांधणाऱ्या तीन परिचितांनी यंदा दिवाळीनंतर मला एकच प्रश्न विचारला: आंघोळीच्या पाण्यासाठी गच्चीवर सौर बंब बसवावा, की परसात लाकडाचा बंब ठेवावा? मी 2016 साली सौर बंब बसवला, तो सहा हिवाळे वापरला आणि त्यानंतरचे तीन हिवाळे परसातल्या बंबावर काढले, त्यामुळे दोन्हींविषयी थोडे बोलण्याचा अधिकार मला आहे असे वाटते. आपल्याकडे हिवाळ्यात घर तापवावे लागत नाही; थंडीशी खरा सामना पहाटेच्या आंघोळीपुरताच असतो. तरीही तो सामना किरकोळ समजू नये, कारण 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचे किमान तापमान 3.5 अंशांपर्यंत उतरले होते आणि ज्या घरात वृद्ध माणूस आहे त्या घराला अशा पहाटे कोमट पाण्यावर भागवता येत नाही.

सौर बंबाच्या बाजूने जे बोलायचे ते आधी मनापासून बोलतो. आपला हिवाळा कोरडा असतो, आकाश बहुतेक दिवस स्वच्छ असते आणि दक्षिणेकडे तोंड करून बसवलेल्या नळ्यांना दिवसभर ऊन मिळते. दुपारी चार वाजता टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही इतके ते तापलेले असते आणि टाकीचे आवरण चांगले असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेही ते उत्तम गरम राहते. धूर नाही, राख नाही, रोजचा खर्च नाही. बोअरवेलचे पाणी जड असल्यामुळे नळ्यांच्या आत पांढरा थर धरतो आणि तो दरवर्षी साफ करून घ्यावा लागतो. एकदा वानरांच्या उड्यांनी दोन नळ्याही फुटल्या. या गोष्टींचा मला फारसा त्रास वाटला नाही, कारण दुरुस्ती प्रत्येक वस्तूला लागते. एप्रिल ते जून गच्चीवरच्या साध्या टाकीतलेच पाणी इतके तापते की त्या काळात सौर बंब झाकूनच ठेवावा लागतो, हे नागपूरकरांना सांगायला नको.

माझे मत बदलले ते एका नळामुळे. आमची सौर टाकी गच्चीच्या पुढच्या भागात आहे, कारण ऊन तिथे पडते, आणि न्हाणीघर तळमजल्यावर अगदी मागे आहे, कारण घर बांधताना सांडपाण्याची सोय तिकडे होती. या दोहोंमधला पाइप साठ फुटांच्या आसपास आहे. टाकीत पाणी कितीही कढत असले तरी रात्रभर त्या पाइपात उभे राहिलेले पाणी बर्फासारखे होते, आणि ते पूर्ण वाहून जाऊन पाइपाच्या भिंती तापेपर्यंत गरम पाणी बादलीपर्यंत पोहोचत नाही. रोज पहाटे साधारण पाऊण बादली पाणी असे सोडून द्यावे लागे. माझी आई साडेपाचला आंघोळ करते. ती अंधारात, अंगावर शाल गुंडाळून, एक हात नळाच्या धारेखाली धरून पाणी कधी गरम होईल याची वाट पाहत उभी राहायची. तिची आंघोळ झाल्यावर पुढचा माणूस अर्ध्या तासाने गेला की पाइप पुन्हा गार झालेला असे, आणि पुन्हा अर्धी बादली. मी पाइपावर फोमचे वेष्टण चढवले. त्याने दुसऱ्या आंघोळीचा प्रश्न थोडा सुटला, परंतु सात-आठ तासांच्या रात्रीपुढे त्या वेष्टणाचे काही चालले नाही. पाणी सतत फिरते ठेवणारा छोटा पंप बसवता येतो, पण मग फुकटच्या ऊर्जेसाठी विजेवर अवलंबून राहणे आले. वाहून जाणारे पाणी आम्ही बादलीत धरून झाडांना घालत होतो, त्यामुळे पाणी वाया गेले असे म्हणणार नाही. परंतु 2018 च्या त्या पहाटे आईचा हात दोन मिनिटे त्या धारेखाली लालसर झालेला पाहिला, तेव्हापासून मला सौर बंबाची इतर सारी गुणवैशिष्ट्ये दुय्यम वाटू लागली. पुढची तीन-चार वर्षे मी निर्णय लांबवला, याची खंत आजही वाटते.

परसातला बंब हा त्या साठ फुटांवरचा उपाय आहे. न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला लागून मी विटांचा ओटा बांधला, त्यावर तांब्याचा बंब ठेवला आणि त्याची गरम पाण्याची नळी भिंतीतून थेट आत घेतली. बंबापासून बादलीपर्यंतचे अंतर चार फूट आहे. बंबाची रचना सर्वांना ठाऊक आहे: मधल्या उभ्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. त्यात गार पाणी तळाशी शिरते आणि वरचे गरम पाणी तितकेच बाहेर ढकलले जाते. म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तोटी नेहमी गार पाणी आत येण्याच्या मार्गावर बसवावी; गरम पाणी बाहेर पडण्याचा मार्ग कायम उघडा राहिला पाहिजे. आमच्या नळकाम करणाऱ्याने सवयीने तोटी गरम बाजूला लावली होती आणि ती मी त्याच दिवशी काढायला लावली, कारण बंद भांड्यात वाफ कोंडली तर काय होईल याचा विचारही करवत नाही. तसेच बंब पाण्याने भरलेला आहे याची खात्री करूनच काडी लावावी. कोरडा बंब पेटला की त्याच्या सांध्यांची झाळ (डाख) सुटते आणि मग तो गळायला लागतो.

त्रास नाही असे नाही. पहाटे पाचला कोणीतरी उठून बंब पेटवावा लागतो आणि आमच्या घरी तो माणूस मी आहे. पहिली बादली तयार व्हायला पंचवीस मिनिटे लागतात; नंतर निखारे धरले की दर दहा मिनिटांना एक बादली सहज मिळते, आणि पाच माणसांच्या आंघोळी एकाच जाळावर होतात. शंभर लिटर पाणी अठरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेण्यासाठी, काहीही उष्णता वाया गेली नाही असे धरले तरी, विजेची तीन युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे चार युनिटांइतकी उष्णता असते, परंतु बंबाच्या तोंडातून तिच्यातली बरीचशी निघून जाते. मी तराजू लावलेला नाही. रोज एक घमेलेभर ढलप्या लागतात, एवढेच खात्रीने सांगू शकतो.

धुराची तक्रार मात्र खरी आहे आणि ती शेजाऱ्यांच्या बाजूने विचार करून सोडवावी लागते. ओले लाकूड घातले की परसभर धूर होतो, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो आणि दोन भिंतींपलीकडच्या घरात दम्याचा रुग्ण असेल तर आपण त्याच्यावर अन्याय करत असतो. चांगले वाळलेले, बारीक फोडलेले लाकूड, ज्याला आपण बंबफोड म्हणतो, ते पेटताना पहिली काही मिनिटे धूर देते आणि नंतर जवळजवळ स्वच्छ जळते. मी लकडगंजातल्या आरामशीनवरून सागाच्या आणि बाभळीच्या ढलप्या आणतो. रंग किंवा पॉलिश चढलेले तुकडे आणि प्लायवुड त्यातून निवडून बाजूला काढतो, कारण त्यांचा धूर विषारी असतो. गावाकडून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, येत असेल तर ती पेटवण्यापुरती उत्तम, भडकन जळते आणि तितक्याच लवकर संपते. तिचा ढीग मात्र पुढच्या हंगामापर्यंत साठवू नये, कारण त्या काड्यांत आणि बोंडांत गुलाबी बोंडअळी जिवंत राहते आणि तीच पुन्हा शेतात उतरते.

तांबे की स्टील, हाही प्रश्न विचारला जातो. तांब्यातून उष्णता फार वेगाने जाते, त्यामुळे तांब्याचा बंब लवकर तापतो आणि जाळ विझल्यावर लवकर निवतोही. दुहेरी पत्र्याचा, आत आवरण भरलेला स्टीलचा बंब उशिरा तापतो पण दहा वाजेपर्यंत पाणी धरून ठेवतो, आणि ज्यांच्या घरी आंघोळी सकाळभर चालतात त्यांना कदाचित तोच सोयीचा ठरेल. आमच्या आंघोळी सातच्या आत आटोपतात, म्हणून मी तांबे घेतले. शिवाय गळती लागली तर इतवारीत तांब्याला झाळ लावून देणारा कारागीर अजून मिळतो, हेही मनात होते.

गॅस गिझरविषयी थोडक्यात. तो न्हाणीघराच्या आत बसवू नये, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासही नसतो. बाहेर बसवला तर चालतो, मात्र तळमजल्यावर दाब चांगला असूनही वरच्या मजल्यावर, टाकी जवळ असल्यामुळे, दाब अपुरा पडून तो पेटत नाही असा माझ्या भावाचा अनुभव आहे.

माझा कल आता लपून राहिलेला नाही. तरीही ज्यांचे न्हाणीघर वरच्या मजल्यावर, टाकीच्या बरोबर खाली येते, ज्यांना परस नाही किंवा ज्यांच्या भिंतीला शेजाऱ्याची खिडकी लागून आहे, त्यांनी निःशंकपणे सौर बंब घ्यावा. त्यांच्या घरात माझी अडचण उद्भवतच नाही. घर अजून नकाशावर असेल तर गच्चीवरची टाकी आणि न्हाणीघर एकाखाली एक येतील असे पाहण्याची विनंती वास्तुविशारदाला आजच करावी. ज्यांचे घर आमच्यासारखे लांबोळके आहे, मागे दहा फुटांचे परस आहे आणि पहाटे लवकर आंघोळ करणारे वडीलधारे आहेत, त्यांनी बंबाचा गंभीरपणे विचार करावा असे मी सुचवीन. त्यांनी लाकूड मात्र हिवाळ्याच्या तोंडावर घेऊ नये. एप्रिलमध्ये फोडून उन्हात पसरलेले लाकूड आपल्या मे महिन्यात खडखडीत वाळते, आणि मृगाचा पहिला पाऊस येण्याआधी ते टिनाच्या शेडखाली, जमिनीपासून दोन विटा उंच, रचून ठेवले म्हणजे कार्तिकात पहिल्याच काडीला पेट घेते.