कॉम्प्रेशन क्यूब आणि हुकाचा वजनकाटा: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल. सांगली-मिरजेहून पुणे किंवा कोल्हापूर गाठून विमान धरणाऱ्याला कॉम्प्रेशन क्यूब (कपडे दाबून भरायच्या, दुहेरी चेनच्या कापडी पिशव्या) आणि बॅग हुकाला लटकवून तोलायचा हातातला काटा यांपैकी एकच वस्तू घ्यायची असेल, तर त्याने काटा घ्यावा. क्यूबमुळे जागा वाचते, वजन एक ग्रॅमही कमी होत नाही. उलट सहा क्यूबच्या संचाचंच वजन अर्धा ते पाऊण किलो भरतं.

देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या इकॉनॉमीला १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान देतात. २४ इंची कडक बॅग रिकामीच चार किलोच्या आसपास असते, म्हणजे हातात उरले अकरा. तेवढे कपडे आणि खाऊ भरल्यावरही बॅगेत जागा शिल्लक राहते. क्यूबने ती आणखी वाढली की घरातलं कुणीतरी तिथे हळदीची पुडी खुपसतंच. केबिन बॅगेची तीच गत: ट्रॉली अडीच-तीन किलोची, म्हणजे सामानाला जेमतेम चार. ७ किलोत बसायचं असेल तर चाकांची ट्रॉली सोडून एक किलोच्या आतली पाठीवरची सॅक घेणं हा क्यूबपेक्षा मोठा फायदा. कोल्हापूरहून लहान विमान असेल तर डोक्यावरचे कप्पेही लहान असतात, तिथे मऊ सॅक सहज दबते.

क्यूब खरे कामाला येतात ते परदेशी प्रवासात, जिथे काही मार्गांवर २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात आणि स्वेटर, जॅकेट, थर्मल न्यायचे असतात. दाबल्यावर निघून जाते ती धाग्यांमधली हवा. लोकर आणि फ्लीसमध्ये ती भरपूर, म्हणून ते कपडे बरेच दबतात. जीन्स किंवा सुती शर्टात हवाच कमी, त्यामुळे फरक बोटभर पडतो.

भरताना गुंडाळ्या करू नका. गोल गुंडाळ्यांमध्ये फटी राहतात आणि दाबल्यावर कपड्यावर वेड्यावाकड्या घड्या पडतात. क्यूबच्या रुंदीइतकी सपाट घडी घालून थर लावा आणि पाऊण भागच भरा. मुख्य चेन आधी लावायची, तळहाताने मधून कडेकडे हवा काढायची, मगच दाबाची चेन फिरवायची. कोपऱ्यावर थांबून आतलं कापड बोटाने आत ढकलायचं. स्वस्तातले क्यूब नेमके तिथेच जातात: रनर ओढून ओढून त्याचे ओठ फाकतात, मग चेन मागून उघडत येते. रनर पकडीने हलकेच दाबला तर काही दिवस चालतो. कोपऱ्याची शिवण उसवली असेल तर मात्र आतून दुहेरी टाका घालावा लागतो. घेताना कोपऱ्यात पट्टी लावून शिवलंय का, ते उलटं करून बघा.

माप बाहेरच्या बॅगेवरून धरू नका. केबिन बॅगेचं ५५ × ३५ × २५ सेंमी हे माप चाकं-दांडीसकट असतं आणि आतली रुंदी काही सेंमीने कमी भरते. शिवाय तळाला दांडीच्या नळ्यांचे उंचवटे असतात. त्यांच्या मधल्या खोबणीत आधी मोजे, बनियन भरून तळ सपाट करा, मग क्यूब ठेवा. जड क्यूब चाकांच्या बाजूला.

जरीची साडी क्यूबमध्ये दाबायची नाही. जरीची तार घडीवर मोडते आणि ती रेघ इस्त्रीने जात नाही. मलमलीत गुंडाळून सगळ्यात वर सैल ठेवा. ओलसर कपडेही नकोत. नायलॉनच्या आतल्या लेपातून हवा खेळत नाही, पावसाळ्यात एका रात्रीत कुबट वास धरतो.

आता खाऊ, कारण आपल्याकडच्या बॅगेचा खरा प्रश्न तोच. भडंग हलकं पण जागा खाणारं. दाबाच्या क्यूबमध्ये त्याचा चुरा होतो आणि व्हॅक्यूम पॅक केलं तर होतोच होतो. त्याला कडक प्लॅस्टिकचा चौकोनी डबा द्या, स्टीलचा नको, वजन फुकट जातं. कंदी पेढेही डब्यातच. पुठ्ठ्याचा खोका दबला की सगळे एकमेकांना चिकटतात. बेदाणा आणि हळद जड, कमी जागेची. त्या पिशव्या सपाट करून पसरा. एकावर एक रचल्या तर एक्स-रेत गडद ठोकळा दिसतो आणि बॅग उघडली जाण्याची शक्यता वाढते. हळदीला दोन पिशव्या हव्यातच. अमेरिकेला जाताना ३५० मिलीपेक्षा जास्त पूड केबिन बॅगेत असली की वेगळी तपासणी होते, म्हणून मसाले चेक-इनमध्येच टाका.

लोणच्याची बरणी गळते ती झाकण सैल असतं म्हणून नव्हे. उड्डाणात केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, सामानाच्या कप्प्यातही तोच. सांगलीत बंद केलेली हवा तिथे जवळपास पाव हिश्शापर्यंत फुगते आणि झाकणाच्या आट्यांमधून तेल बाहेर ढकलते. बरणीत वर हवा कमीत कमी ठेवा, झाकणाखाली जाड प्लॅस्टिक, वरून टेप, मग दोन झिप पिशव्या, आणि जागा कपड्यांच्या मधोमध. चिवड्याच्या पुडीचंही तेच: सील करण्याआधी थोडी हवा काढून टाका, नाहीतर ती फुगून फाटते.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते स्वतःहून तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं आणि तपासणीत काढून ठेवतात. पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत. २०,००० एमएएचची सुमारे ७४ वॅट-तास भरते, १०० पर्यंत परवानगी लागत नाही.

काट्याबद्दल. तीनचारशे रुपयांचा, ५० किलोपर्यंतचा पुरतो. पट्टा बॅगेच्या वरच्या मुठीतून घ्या, आधी ०.०० दिसू द्या, मग उचला. हेलकावे खाणारी बॅग आकडा किलो-अर्ध्या किलोने नाचवते. कोपर अंगाशी धरून आकडा लुकलुकून स्थिर होईपर्यंत थांबा. २० किलोच्या वर एकट्याने उचलूच नका, हुकात दांडा घालून दोघांनी धरा. आकडा अचानक दुपटीहून जास्त दिसला तर बटण दाबलं जाऊन एकक पाउंडवर गेलेलं असतं: १५ किलोची बॅग ३३ दाखवते.

काट्यावर १० ग्रॅमचे आकडे दिसतात म्हणून तो तितका अचूक नसतो. १० किलो आट्याची सीलबंद पिशवी अडकवून पाहा; शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर आधी सेल बदला. विमानतळाच्या काट्याशी जुळावं म्हणून मर्यादेच्या अर्धा किलो आतच थांबा, आणि काटा बॅगेतच न्या. परतीच्या वजनाचा अंदाज जातानापेक्षा जास्त चुकतो. नाण्याच्या आकाराचा सेल काढून वेगळा ठेवा. बॅगेत बटण दाबलं जाऊन तो उतरतो, आणि परगावी CR2032 लिहिलेला सेल शोधत फिरायची वेळ येते, म्हणून तसा जादा सेल आधीच पाकिटात असू द्या.