फेल्टिंग किटचा रिव्ह्यू: लोकर झकास, हिरवी गुंडी लबाड

दिवाळीनंतर लोकरीच्या फेल्टिंगचं एक किट ऑनलाइन मागवलं होतं, १४५० रुपयांचं. दोन महिने वापरून, दोन सुया मोडून आणि डाव्या हाताच्या बोटाची चाळण करून मग लिहायला बसलेय, नाहीतर डबा उघडल्या उघडल्या पाच स्टार देऊन मोकळी झाले असते. रंगच इतके सुंदर होते ना. कंपनीचं नाव घेत नाही, मला भांडण नको, पण विकत घ्यायचा विचार असेल तर वाचा.

ज्यांना फेल्टिंग म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या जावेने एकदा दिरांचा लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात मशीनला लावला आणि बाहेर आला तो पहिलीतल्या पुतण्याच्या मापाचा, जाडजूड, पुठ्ठ्यासारखा. तेच हे, फक्त मुद्दाम करायचं. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि साबण लागला की ते उघडतात, वरून चोळलं की एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. काश्मीरचे आणि कच्छचे नमदे असेच बनतात, विणकाम नाही काही नाही. दुसरा प्रकार कोरडा, खाचा असलेल्या सुईने टोचत राहायचं, खाचा वरचे तंतू खाली ओढतात आणि सगळं गच्च बसतं.

डब्यात होतं काय, तर मेरिनो लोकरीचे १२ रंगांचे पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या गुंड्या, प्रत्येकी ५ ग्रॅम, तीन सुया, एक फोम, चामड्याच्या दोन अंगुस्तान्या, मागे लावायला कापड, आणि ‘मिक्स फायबर’ लिहिलेली एक पुडी. सूचनांचा कागद म्हणजे चार धूसर फोटो आणि बाण, बस.

मेरिनो मात्र खरंच एक नंबर. सासूबाई सोलापूरच्या, त्यांनी गुंडी गालाला लावली आणि म्हणाल्या, "अगंबाई ही लोकर होय, आमची घोंगडी कशी टोचायची." मग अर्धा तास घोंगडीपुराण, चिंचोक्याची खळ कशी लावायचे, पहिल्या पावसात तिचा वास कसा यायचा वगैरे. आणि त्यातूनच मला सुचलं, कारण किटमधलं मागचं कापड पॉलिस्टरचं निघालं, गुळगुळीत, त्यावर लोकर धरेचना, उलटं केलं की अख्खं चित्र हातात यायचं. घरात एक जुनी काळी घोंगडी होती, कसर लागलेली. तिचा कोपरा मागितला तर बाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच कात्री घेऊन आल्या.

त्या काळ्या तुकड्यावर मी रात्रीचा राजवाडा केला, आमच्या इंदूरचा, होळकरांचा. इंदूरची माणसं दुसरं काय करणार हो! सात मजले, खालचे तीन दगडी म्हणून राखाडी लोकर, वरचे चार लाकडी म्हणून तपकिरी, आणि घोंगडीवर सुई अशी पकडते की काही विचारू नका, लोकरीत लोकर जाते ना. खिडक्यांतला उजेड पिवळ्या लोकरीचा, चिमूटभर घेऊन सुईच्या टोकाने एकेका जागी वीस-पंचवीस वेळा टोचलाय. एवढ्या ६० ग्रॅममध्ये असं चित्र करूनही निम्मी लोकर उरली, हे किटच्या बाजूने लिहिते.

आता तक्रारी.

मिक्स फायबरची पुडी दिसायला फार मोहक, त्यात रेशमाचा चकचकीत गुंता, बांबूचा पांढरा तंतू, मेंढीच्या कुरळ्या बटा. पण रेशमाला आणि बांबूला खवले नसतात, ते स्वतः फेल्ट होत नाहीत, आणि हे त्या कागदावर कुठेही नाही. मी आपलं हौसेने ओल्या फेल्टिंगसाठी मांडलेल्या लोकरीच्या चौकोनावर सगळं रेशीम पसरलं, साबणाचं पाणी शिंपडलं, मच्छरदाणीचा तुकडा टाकून चोळलं, मग बबल रॅपमध्ये गुंडाळून लाटण्यावर पाचशे वेळा तरी लाटलं (आमचे हे म्हणाले पोळ्यांना एवढी मेहनत कधी घेतली नाहीस) आणि वाळल्यावर अर्धं रेशीम पापुद्र्यासारखं निघून आलं. उपाय सोपा आहे, रेशमावर लोकरीचा अगदी विरळ, जाळीसारखा थर द्यायचा, तो खालच्या लोकरीत अडकतो आणि मधलं रेशीम धरून ठेवतो. दुसऱ्यांदा तसं केलं तर पाण्यावर ऊन पडावं तसं चमकलं. एका ओळीत सांगता आलं असतं की! आणि मांडलेली लोकर आटते हेही सांगा ना बाबा, माझी ३० सेंटीमीटरची मांडणी शेवटी २० सेंटीमीटरची झाली.

आणि ती हिरवी गुंडी. बाकीचे रंग घट्ट बसले, हिरवा म्हातारीच्या केसांसारखा वरच तरंगतोय, कितीही चोळा. मला संशय आला म्हणून एक धागा चिमट्यात धरून गॅसवर नेला. निळा आधी जाळला, जळक्या केसांचा वास आला आणि बोटात चुरडली अशी राख झाली, म्हणजे लोकरच. हिरवा भसकन पेटला, वितळला आणि त्याचा काळा कडक मणी झाला. ॲक्रिलिक! डब्यावर ‘१०० टक्के मेरिनो’. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर उत्तर आलं की मॅडम, फोटोत नीट दिसत नाही. आठ दिवसांनी १०० रुपयांचं कूपन दिलं, पुढच्या खरेदीवर. मी काय बोलणार.

सुयांचं म्हणाल तर आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, ३६ नंबर आकार द्यायला, ३८ सगळ्या कामाला, ४० शेवटच्या फिनिशिंगला. तिन्ही दिल्यात पण एक-एकच, आणि सुई सरळ आत सरळ बाहेर न जाता जरा वाकडी गेली की मोडलीच. माझं एक टोक राजवाड्याच्या चौथ्या मजल्यात हरवलं, घरात लहान मूल येतं-जातं म्हणून जीव वर-खाली, शेवटी फ्रिजवरचं मॅग्नेट फिरवलं तर टिक करून चिकटलं. खजुरी बाजारात विचारत फिरले, प्रत्येकाने मला मोती ओवायची सुई दाखवली. शेवटी ३८ नंबरच्या दहा सुया ऑनलाइनच वेगळ्या मागवल्या. फोम पण पंधरा दिवसांत भुसा झाला, आता रेक्झिनवाल्याकडून सीटचा जाड तुकडा आणलाय, तो बरा चाललाय.

माझ्याकडून पाचपैकी तीन, आणि ते तिन्ही मेरिनोचे. नुसतं शिकून बघायचं असेल तर किट घेऊ नका, पांढरी लोकर, दोन-तीन रंग आणि ३८ नंबरच्या सुया सुट्या घ्या, ओलं करणार असाल तर साबण नीट काढून शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका, आणि काम झालं की कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा, आमच्या घोंगडीची दशा बघितलीत ना.

राजवाडा दिवाणखान्यात लागलाय, येईल त्याला सासूबाई आधी घोंगडी दाखवतात, मग चित्र. हिरव्या गुंडीची उशी भरलीय, सुया टोचून ठेवायला.