हेडलाइटचा तुटलेला कान: काळ्या रंगाखाली काय लपवलं जातं

हेडलाइट धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा कान तुटला तरी दिवा लगेच खाली पडत नाही. उरलेल्या दोन-तीन बोल्टांवर तो लटकून राहतो, पेटतो, बाहेरून ठीकही दिसतो. त्यामुळे कान तुटल्याचं बहुतेकांना कळतं ते गाडीच्या ठरावीक तपासणीच्या दिवशी. निरीक्षक दिव्यावर तळहात दाबतो, दिवा आत-बाहेर हलतो आणि गाडी नापास होते. फेरतपासणीची तारीख तोंडावर असते, गाडी कशीही करून पास व्हायला हवी असते. फसवणूक होते ती याच घाईत.

गाडी संध्याकाळी सोडली जाते आणि दुसऱ्या दिवशी परत मिळते. ‘कान वेल्डिंग करून दिलाय’ असं सांगितलं जातं. दाबून बघितलं तर दिवा हलत नाही, म्हणून ठरलेले पैसे दिले जातात. आत मात्र तुटलेला तुकडा सुपरग्लूने चिकटवलेला असतो, वर इपॉक्सीचा थर आणि त्यावर काळ्या रंगाचा फवारा. तपासणीत कदाचित हे खपूनही जातं. मग इंजिनाची उष्णता आणि रस्त्याचे हादरे यांनी सांधा सुटतो आणि दिवा पुन्हा डुलू लागतो. जाब विचारला की उत्तर तयार असतं: ‘गाडी कुठेतरी आदळली असेल.’

हा सांधा टिकत नाही याचं कारण प्लॅस्टिकमध्येच आहे. दिव्याची मागची पेटी बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीनची असते. या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला गोंद धरतच नाही. सुपरग्लू असो वा इपॉक्सी, खास प्रायमर लावल्याशिवाय दोन्ही नखाने सालीसारखे निघतात. पेटी कशाची आहे हे तिच्यावरच उठावाच्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पुढे ‘टी’ किंवा ‘टीडी’ आणि २० किंवा ४० असेल तर त्यात तितके टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) मिसळलेलं आहे. ‘एबीएस’ लिहिलं असेल तर प्रकार वेगळा, त्याला गोंद बरा धरतो. अक्षरं दिसत नसतील तर छोटा तुकडा पाण्यात टाकतात. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्क जास्त असलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडतं, त्यामुळे केवळ या चाचणीवर विसंबू नये. सुपरग्लूचा आणखी एक उपद्रव म्हणजे त्याची वाफ दिव्यात शिरून काचेवर आतून पांढरी धूसर साय धरते. ती पुसायची तर दिवा उघडावा लागतो.

खऱ्या वेल्डिंगला वेळ लागतो आणि त्याच्या खुणा राहतात. आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. काचेजवळ ॲसिटोन किंवा थिनर चालत नाही, ही काच पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची असते आणि तिला त्याने बारीक चिरा पडतात. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चिरेच्या दोन्ही अंगांना इंग्रजी व्हीसारखी खाच काढतात. चीर पेटीकडे सरकत असेल तर तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडतात, म्हणजे ती तिथेच थांबते. दोन-तीन ठिकाणी गरम पिना आडव्या रुतवतात किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी वितळवून बसवतात. त्यावर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची काडी वितळवून आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने भरतात. पॉलिप्रॉपिलीनवर एबीएसची काडी बसत नाही. वरवर चिकटल्यासारखी दिसते आणि ओढली की सुटते. पाणी न मारता १५-२० मिनिटं थंड होऊ द्यायचं. बोल्टाच्या भोकात मूळची धातूची नळी होती का हे आठवणीने बघावं. ती नळी हरवून नुसता वॉशर घातला, तर बोल्ट आवळताना नवा कान चिरडला जातो.

म्हणून पहिली अट घालायची ती ही: दुरुस्त झालेला दिवा गाडीत बसवण्याआधी हातात घेऊन बघणार, आणि तोवर त्यावर रंग मारायचा नाही. नीट काम करणाऱ्याला या अटीचा त्रास होत नाही. सांधा दोन्ही बाजूंनी बघावा. काडीच्या वितळलेल्या ओळी पेटीशी एकजीव दिसायला हव्यात. सपाट गुळगुळीत पुटी असेल तर तो गोंद आहे. कान अंगठ्याने बऱ्यापैकी जोर देऊन वाकवावा. पांढरी रेघ उमटली किंवा कट असा आवाज आला तर दिवा परत द्यावा. पेटीच्या आतल्या पोकळीत स्क्रू घुसवलेला नाही ना, हेही बघावं. तसा स्क्रू दिवा घट्ट धरतो खरा, पण त्या वाटेने ओल शिरते आणि पहिल्याच पावसात काच आतून घामेजते.

दुसरी फसवणूक याच्या उलट्या दिशेची. एकच कान तुटलेला असताना ‘पूर्ण दिवाच बदलावा लागेल’ असं ठासून सांगतात. वास्तविक फोक्सवॅगन, ऑडी, बीएमडब्ल्यू यांच्यासारख्या कंपन्या काही मॉडेलांसाठी फक्त कानांचा दुरुस्ती संच विकतात. तुटलेला कान ठरलेल्या रेषेवर कापायचा आणि नवा स्क्रूने बसवायचा. पेटी फुटली असेल किंवा एकाच बाजूचे दोन कान मुळापासून गेले असतील, तर मात्र बदलणंच बरं. आपल्या गाडीचा संच निघतो का, हे पार्ट नंबर देऊन आधी विचारून घ्यावं.

दिवा बदलला तर जुना परत मागायचाच. कान तुटलेल्या दिव्यातला प्रोजेक्टर (झोत एकवटणारा भिंगाचा भाग), झोत वर-खाली करणारी मोटर, झेनॉन दिव्याला वीज पुरवणारा बॅलास्ट बहुधा शाबूत असतो आणि त्याला किंमत असते. तो गुपचूप ठेवून घेतला जातो. अस्सल म्हणून नक्कल बसवण्याचा प्रकारही याच वेळी होतो. काचेवर गोलातलं ‘ई’ आणि आकडा हे मान्यतेचं चिन्ह शोधावं. त्याच्याजवळ समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडे जाणारा आडवा बाण असेल, तर तो दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठीचा. बाण नसेल तर उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठीचा, आणि दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हींसाठीचा. चुकीच्या बाजूच्या वाहतुकीसाठीचा दिवा कितीही घट्ट बसला तरी त्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आता झोताविषयी, कारण सर्वांत धोकादायक लपवाछपवी इथे होते. कान तिरका चिकटवला की झोत वर किंवा बाजूला जातो. मग तो सावरायला ॲडजस्टरचा स्क्रू टोकापर्यंत फिरवतात, किंवा कानाखाली वॉशर भरतात. गणित साधं आहे. दिव्याच्या पुढच्या आणि मागच्या आधारात ३० सेंटीमीटर अंतर असेल आणि पुढचा आधार ३ मिलिमीटर उचलला गेला, तर झोत १ टक्का वर जातो. डिपरला, म्हणजे जवळच्या झोताला, मुळात उतारच साधारण तेवढा दिलेला असतो. म्हणजे ३ मिलिमीटरच्या चुकीने सगळा उतार संपतो आणि समोरच्या चालकाला काही दिसेनासं होतं. त्या क्षणात माणूस मरू शकतो, म्हणून ‘चालतंय की’ हे उत्तर इथे ऐकून घेऊ नये.

गाडी ताब्यात घेण्याआधी सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर ती उभी करावी. टायरमधली हवा बरोबर, चालक जागेवर, झोत वर-खाली करण्याचं आतलं चाक शून्यावर. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर खूण करावी. दिव्यावर किंवा जवळच्या पट्टीवर १ टक्का छापलेलं असेल, तर डिपरची वरची कड खुणेच्या १० सेंटीमीटर खाली दिसली पाहिजे. उंची ६५ सेंटीमीटर असेल तर ५५ वर. शाबूत बाजूच्या दिव्याशी ताडून बघावं. मग दिवे चालू ठेवून बॉनेटच्या कडेला हाताने थोपटावं. भिंतीवरची झोताची कड थरथरून मूळ जागी यायला हवी. एकीकडची कड जास्त वेळ डुलत राहिली, तर तो दिवा अजून सुटाच आहे.

एवढं करूनही कान पुन्हा तुटला तर बहुतेक वेळा दोष कानात नसतो. धडकेत दिव्यामागची पट्टी किंवा रेडिएटरचा आधार वाकलेला असतो. बोल्ट आवळताना दिवा ओढून बसवला जातो आणि ताण कानावर राहतो. दिवा आणि बॉनेट, दिवा आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांमधली फट दोन्ही बाजूंना मोजावी. फरक स्पष्ट दिसत असेल तर आधी पत्रा सरळ करून घ्यावा, मगच दिव्याला हात लावू द्यावा. काम सुरू होण्यापूर्वी बंपर काढल्यावर चारही आधारांचे फोटो काढून ठेवावेत. बंपर ओढताना दुसरा कान मोडला, तर तो आधीपासून तुटलेला होता असं मग कुणाला म्हणता येत नाही.