राजारामपुरीतील मुलांचा मैदानी वर्ग : सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

माझी मुलगी ७ वर्षांची आहे. जूनपासून ती कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी मैदानी वर्गाला आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा या वेळेत जाते. ५ ते १० वर्षांच्या मुलांच्या या वर्गात कोणताही एक खेळ शिकवला जात नाही. धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, चेंडू फेकणे आणि झेलणे या ज्या हालचालींवर पुढचे सगळे खेळ उभे राहतात, त्याच नीट बसवून घेतल्या जातात. शारीरिक शिक्षणात यांना स्थूल कारक कौशल्ये म्हणतात. पोर जरा मोठे झाले की त्याला तालमीत नाहीतर फुटबॉलच्या मैदानात घालायचे, अशी रीत असलेल्या आपल्या गावात हा वर्ग कितपत रुजेल याची मला शंका होती, म्हणून सहा महिने थांबूनच लिहीत आहे.

नाव घालण्यामागे एक कारण होते. शाळेत खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचणीत ५ ते ८ वयोगटासाठी उंची-वजनाच्या नोंदीबरोबर एका पायावर तोल सांभाळण्याची आणि हाताने झटपट तबकड्यांना स्पर्श करण्याची चाचणी असते. ६० सेकंदांत मुलीचा तोल किती वेळा गेला हा आकडा मला कळला, पण तो का जातो आणि त्यावर काय करायचे, हे त्या आकड्यावरून समजण्यासारखे नव्हते. या वर्गाने पहिल्याच आठवड्यात ती उणीव भरून काढली. तिथे मुलांची ‘टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट’ ही चाचणी घेतात. अमेरिकी अभ्यासक डेल उलरिच यांनी तयार केलेली आणि १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ही चाचणी जगभर वापरली जाते. तिच्या सध्याच्या आवृत्तीत १३ कौशल्ये आहेत. मूल किती लांब फेकते हे त्यात मोजतच नाहीत. फेकताना शरीर कसे वापरते ते पाहून प्रत्येक निकषाला १ किंवा ० गुण देतात, आणि प्रत्येक कृती दोनदा करून घेतात.

मुलीचा चेंडूफेकीचा प्रसंग मी कडेला उभे राहून पाहिला. ती उजव्या हाताने फेकत होती आणि उजवाच पाय पुढे टाकत होती. त्यामुळे कंबर वळत नव्हती, खांदा वळत नव्हता, आणि चेंडू जेमतेम समोर पडत होता. चारपैकी एकच निकष तिला जमला. वर्ग घेणाऱ्या सरांनी तिला ‘असे नाही, असे कर’ म्हटले नाही. त्यांनी जमिनीवर फक्कीने डाव्या पावलाची एक खूण काढली, समोरच्या भिंतीकडे बोट दाखवले आणि ‘भिंतीवर मोठ्ठा आवाज आला पाहिजे’ एवढेच सांगितले. लगोरीसारखा नेम धरायला लावला की मूल अंग आखडून घेते, तेच जोरात फेकायला लावले की पाय आणि कंबर आपोआप कामाला लागतात, हे त्यामागचे कारण त्यांनी मला नंतर समजावून सांगितले. ऑक्टोबरमध्ये खुणेशिवाय डावा पाय पुढे पडू लागला आणि तीन निकष पूर्ण झाले. घरी अंगणात तिला फेकताना पाहिले तेव्हा माझे डोळे भरून आले, हे मी मोकळेपणाने सांगतो. लंगडीतही असाच फरक आहे. पूर्वी अधांतरी पाय नुसता ताठ धरलेला असायचा, आता तो झोका घेतो आणि उडीला जोर देतो.

तक्रारीही स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडचा पाऊस माहीत असूनही जुलै आणि ऑगस्टसाठी पुरेशी सोय केलेली नव्हती. वर्ग एका लहान हॉलमध्ये भरला, धावणे-फेकणे जवळजवळ बंद पडले आणि शुल्क मात्र पूर्ण घेतले गेले. त्याहून मोठी चूक म्हणजे सप्टेंबरची चाचणी त्याच हॉलच्या गुळगुळीत फरशीवर, मोज्यांवर घेतली गेली. जूनची चाचणी मातीवर, बूट घालून झालेली असताना या दोन्हींची तुलना कशी होणार? त्यातून निघालेला ‘वयाच्या मानाने कमी’ हा शेरा पालकांच्या सामाईक व्हॉट्सॲप गटावर सर्व मुलांच्या नावांसह टाकण्यात आला. मी आणि आणखी दोन पालकांनी आक्षेप घेतल्यावर तो काढला, ऑक्टोबरमध्ये मैदानावर चाचणी पुन्हा झाली आणि आता अहवाल प्रत्येकाला वेगळा मिळतो. या चाचणीची वयानुसार प्रमाणके अमेरिकी मुलांवरून ठरलेली असल्याने आपल्या मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदीशी करणे मला अधिक योग्य वाटते, आणि हे सरांनीही मान्य केले.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्यांना पूर्ण गुण देईन. गटातील एक मुलगा वारंवार अडखळून पडत असे आणि त्याला शर्टाची बटणेही लावता येत नसत. त्याच्या पालकांना त्यांनी आणखी सरावाचे आमिष दाखवले नाही. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, असे सांगितले.

सध्या १६ मुलांमागे दोन प्रशिक्षक आहेत आणि महिन्याचे शुल्क १,२०० रुपये आहे. स्पर्धेची तयारी हवी असलेल्यांनी इथे येऊ नये. मी पुढील तीन महिन्यांचे शुल्क भरले आहे. जूननंतरचे मात्र पावसाळ्यासाठी मोठी, छत असलेली जागा ठरल्याचे प्रत्यक्ष पाहिल्यावरच भरणार आहे.