'श्वास': डोळ्यांत पाणी येतं, ते नेमकं कुठे आणि का

संदीप सावंत यांचा हा पहिलाच चित्रपट, २००४ साली पडद्यावर आला. कोकणातल्या खेड्यातला परशुराम, घरच्यांचा परश्या. त्याच्या डोळ्यांना काहीतरी झालंय म्हणून आजोबा त्याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन येतात. निदान होतं दृष्टिपटलाच्या कर्करोगाचं. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. पावणेदोन तासांच्या सिनेमात ही गोष्ट प्रेक्षकाला बऱ्याच लवकर कळते आणि त्यानंतर कुठलाही चमत्कार घडत नाही. (पुढे शेवटही सांगितलेला आहे. ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांनी आधी सिनेमा बघून घ्यावा.)

रडवणं तसं सोपं असतं. आजारी मूल, खाटेशी आई, वर व्हायोलिनचा मारा, एवढ्यावर कुणाचेही डोळे भरतात. पण ते पाणी टिकत नाही, कारण पात्राच्या आधी पार्श्वसंगीतच रडायला लागलेलं असतं. 'श्वास'ला संगीत भास्कर चंदावरकरांचं आहे आणि त्यांनी भावना फुगवायचं काम संगीतावर टाकलेलं नाही. दुःखाची बातमी येते ती केसपेपर, तपासण्या, बाकावरची वाट पाहणी आणि घाईत असलेला डॉक्टर यांच्यामधून. सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात ज्यांनी दिवस काढलाय, त्यांना यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल.

अरुण नलावडे यांनी आजोबा उभे केलेत ते याच वातावरणात. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असा हा माणूस इथे प्रत्येक दाराशी अडखळतो, विचारत विचारत पुढे सरकतो. डॉक्टर समजावून सांगत असताना शब्द कानावर पडतात, पण अर्थ आत पोचायला वेळ लागतो. तो मधला वेळ नलावडे चेहऱ्यावर धरून ठेवतात. हंबरडा फोडणं कुठल्याही चांगल्या नटाला जमलं असतं. न समजण्यापासून समजण्यापर्यंतचा प्रवास न बोलता दाखवणं फार थोड्यांना जमतं, आणि प्रेक्षकाच्या घशात पहिला आवंढा येतो तो इथेच.

त्यानंतरचा पेच खरा अवघड आहे: हे परश्याला सांगायचं कुणी? संदीप कुलकर्णी यांचे डॉ. साने आपल्या कामात पक्के आहेत, पण त्यांना वेळ नाही. आजोबांना वेळ आहे, पण जीभ उचलत नाही. अमृता सुभाष यांची आसावरी, हॉस्पिटलातली समाजसेविका, या दोघांमध्ये येरझाऱ्या घालते. आसावरीच्या तोंडी काही वाक्यं अशी आहेत की जे आपल्याला दिसतंच आहे ते ती पुन्हा सांगते. तेवढी कापली असती तर प्रसंग आणखी टोकदार झाले असते. परश्या झालेला अश्विन चितळे मात्र लहान मुलासारखाच वागतो: चिडतो, हट्ट करतो, मध्येच हसतो. 'गोड' दिसायचा प्रयत्न तो कुठेही करत नाही. बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तो योग्यच होता.

संजय मेमाणे यांच्या छायाचित्रणाकडे दुसऱ्यांदा बघताना मुद्दाम लक्ष द्यावं. हॉस्पिटलच्या भिंती आणि ट्यूबलाइटचा फिका उजेड चालू असताना मध्येच कोकण येतं: हिरवाई, पाणी, उन्हाची तिरीप. आठवणींची ही दृश्यं नुसती शोभेची नाहीत. परश्या काय गमावणार आहे त्याचा हिशेबच ती मांडत जातात, आणि नंतर जे घडतं त्याची तयारी प्रेक्षकाच्या नकळत इथे झालेली असते. म्हणून हा सिनेमा मोबाइलच्या पडद्यावर उन्हात बसून बघू नये. खोलीत अंधार करून, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघावा. रंगातला हा फरक दिसला नाही तर निम्मा सिनेमा वाया जातो.

मग ऑपरेशनच्या आधी आजोबा आणि नातू वॉर्डातून नाहीसे होतात. हॉस्पिटल हादरतं. बातमीदार जमतात (हा भाग थोडा भडक झालाय, बाकीच्या सिनेमाच्या संयमाशी त्याचा सूर जुळत नाही). दोघं परत येतात तेव्हा कळतं की आजोबांनी नातवाला शहर दाखवायला नेलं होतं, डोळे आहेत तोवर. डॉ. साने संतापतात, आणि वैद्यकीय शिस्तीच्या दृष्टीने त्यांचं चुकत नाही. आजोबांचंही चुकत नाही. बांध फुटतो तो या ठिकाणी, कारण आपल्याला बाजू घेता येत नाही. दोघांतला एक जरी खलनायक केला असता तर रागाला वाट मिळाली असती आणि डोळे कोरडे राहिले असते. पटकथेतली ही सर्वांत हुशार आणि सर्वांत माणुसकीची गोष्ट आहे.

आजाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सिनेमा पाहून पालक घाबरतात. या कर्करोगाचं नाव रेटिनोब्लास्टोमा. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले असतात, म्हणजे परश्या त्या मानाने मोठा आहे. पहिली खूण बऱ्याचदा घरच्या फोटोत सापडते: फ्लॅश मारल्यावर बाहुली लाल दिसण्याऐवजी एका डोळ्यात पांढरट चमक दिसते. दुसरी खूण नव्याने आलेला तिरळेपणा. एरवीसारखा सुईने तुकडा काढून तपासायचा मार्ग इथे टाळतात, कारण त्या वाटेने गाठीच्या पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. निदान मुख्यतः बाहुली मोठी करून केलेली तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांवर होतं. आज केमोथेरपी, लेझर, गोठवण्याचे उपचार आणि डोळ्याच्या रक्तवाहिनीतून थेट औषध देण्याची पद्धत यांमुळे, वेळेत आलेल्या मुलाचा डोळा आणि काही अंशी नजरही वाचू शकते. दोन्ही डोळ्यांत आजार असला तरी निदान एक तरी राखण्याचा प्रयत्न होतो. दोन्ही काढण्याची पाळी येते ती मुख्यतः उशीर झाल्यावर. सिनेमातली परिस्थिती तशी टोकाची आहे, पण अशक्य नाही. अशी चमक दिसली तर 'मोठा झाला की जाईल' म्हणत थांबू नये, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

पुरस्कारांचा इतिहास मराठी प्रेक्षकाला ठाऊक आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान पहिल्याच वर्षी 'श्यामची आई'ला मिळाला आणि नंतर मराठीला तो मिळायला थेट 'श्वास' यावा लागला, मध्ये अर्धं शतक गेलं. भारताकडून ऑस्करला हाच चित्रपट गेला, तेव्हा तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. नंतरच्या मराठी दिग्दर्शकांना छोट्या विषयावर मोठा सिनेमा करायचा धीर आला, त्यात या यशाचा वाटा मोठा आहे.

मुलांना दाखवायचा असेल तर दहा वर्षांच्या पुढे, आणि शेजारी बसून. लहान मुलं डोळे काढण्याच्या कल्पनेलाच घाबरतात. आपल्यालाही असं होईल का, असं त्यांनी विचारलं तर हा आजार फार विरळ आहे हे खरं उत्तर द्यावं. शेवटी परश्या काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो. त्या प्रसंगानंतर टीव्ही लगेच बंद करू नये, मुलांचे खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात. घरात कुणाच्या कर्करोगाचे उपचार चालू असतील तर मात्र ते पूर्ण होईपर्यंत थांबलेलं बरं. निदान सांगण्याचे प्रसंग इतके खरे उतरलेत की त्या दिवसांत ते सोसणार नाहीत.